खडूस कर्नलच्या बाजूने

सरळ मुद्द्यावर येते. ‘बॅटलस्टार गॅलेक्टिका’ या मालिकेतलं माझं सगळ्यात आवडतं पात्र म्हणजे कर्नल सॉल टाय. (टाय म्हणजे गळ्यात बांधायचा नव्हे, आडनाव आहे त्याचं!) ज्यांनी ही मालिका बघितली आहे ते म्हणतील, हिला वेड लागलं. कारण आवडून घ्यायला तिथे इतकी माणसं आहेत! बिनधास्त पायलट स्टारबक आहे, देखणा अ‍ॅपोलो आहे, सगळ्या जहाजाला बापासारखा वाटणारा कमांडर अडामा आहे. आमच्या होस्टेलवर या तिघांचे तीन फॅन क्लब आहेत. टायच्या क्लबात मी एकटी. अध्यक्ष मीच, सेक्रेटरी मीच आणि वर्गणीही मीच भरते.

तर मित्र-मैत्रिणींनो, हा लेख म्हणजे या एकसदस्यीय क्लबाचा जाहीरनामा समजा. पण नुसतं ‘मला हा आवडतो’ एवढंच सांगायचं असतं तर संपादकांनी मला एवढी पानं दिली नसती. टाय का आवडावा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो कुठपर्यंत आवडावा, या प्रश्नाचा आपल्याशी जवळचा संबंध आहे असं मला वाटतं. आपल्याशी म्हणजे उद्या इंजिनिअर होणाऱ्या आणि मिरज-सांगली-साताऱ्याच्या या पट्ट्यात वाढलेल्या सगळ्यांशी.

ज्यांनी मालिका बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. याच नावाची एक मालिका १९७८ मध्ये अमेरिकेत येऊन गेली होती. रोनाल्ड मूर या लेखकाने ती नव्याने मांडली. २००३ मध्ये आधी एक मिनी-सीरिज आली आणि मग २००९ पर्यंत चार सीझन चालले. आमच्यापर्यंत ती एका सीनियरच्या हार्ड डिस्कमधून आली, जशी प्रत्येक बॅचला काहीतरी वारसा मिळतो तशी. गोष्ट अशी, की माणसांनी स्वतःच बनवलेले सायलॉन नावाचे यंत्रमानव एक दिवस माणसांच्या बाराच्या बारा वसाहतींवर अणुहल्ला करतात. अब्जावधी माणसं मरतात. उरतात ती जेमतेम पन्नास हजार, तीही वेगवेगळ्या प्रवासी आणि मालवाहू जहाजांवर. त्यांच्या रक्षणाला एकच युद्धनौका, गॅलेक्टिका. आणि ती तरी कशी? चाळीस वर्षांपूर्वी संपलेल्या युद्धातली, आणि हल्ला झाला त्याच दिवशी जिला निवृत्त करून म्युझियम बनवण्याचा समारंभ चालू होता अशी!

आता इथे आपल्या कामाची गंमत बघा. नव्या सगळ्या युद्धनौका आधुनिक, त्यांचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले. सायलॉन त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच शिरून बसलेले असतात. एका क्षणात सगळ्या नौका बंद पडतात. गॅलेक्टिका वाचते, कारण अडामाने आपल्या जहाजावर नेटवर्क जोडूच दिलेलं नसतं. वायरवाले जाडजूड फोन, कागदावरचे नकाशे. आमच्या नेटवर्किंगच्या तासाला जे ‘एअर गॅप’ म्हणून शिकवतात ते या मालिकेत पहिल्याच फटक्यात कळतं. परीक्षेत मात्र हे उदाहरण लिहिलं तर किती मार्क मिळतील, सांगता येत नाही.

असो. तर या जहाजाचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी म्हणजे कर्नल टाय. टक्कल पडलेला, सतत कपाळाला आठ्या, दारूडा. बायकोशी पटत नाही. आवाज असा, की समोरच्याला वाटावं आपण जन्माला आलो हीच चूक झाली. मिनी-सीरिजमध्ये तो पत्त्यांच्या डावात चिडून टेबल उलथतो आणि स्टारबक त्याला एक ठोसा लगावते. त्याबद्दल ती कोठडीत जाते आणि प्रेक्षकांची सगळी सहानुभूती अर्थातच तिच्याकडे. मायकल होगन या नटाने हे काम असं काही केलंय, की पहिले दोन तास तो माणूस पडद्यावर आला की चॅनल बदलावंसं वाटतं.

आणि मग आगीचा प्रसंग येतो.

गॅलेक्टिकावर अणुक्षेपणास्त्र आदळतं. आतल्या काही कप्प्यांत आग लागते आणि ती पसरत चाललेली असते. पसरली तर अख्खं जहाज जाणार. उपाय एकच. ते कप्पे बंद करायचे आणि बाहेरच्या पोकळीकडे उघडायचे. हवा निघून गेली की आग विझते. फायर ट्रँगल आपण सगळेच शिकलोय, इंधन, उष्णता आणि ऑक्सिजन. एक बाजू काढली की आग संपली. फक्त त्या कप्प्यांमध्ये माणसं आहेत. खाली काम करणारा चीफ टायरल ओरडून सांगतो की अजून थोडा वेळ द्या, माझी माणसं बाहेर काढतो. टाय वेळ देत नाही. बटण दाबलं जातं. आग विझते. ८५ माणसं जातात.

नंतर टायरल अडामाकडे जातो, रडतो, भांडतो. चाळीस सेकंद हवे होते मला, म्हणतो. आणि अडामा त्याला सांगतो की त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. इथे बघा, अडामा हे म्हणतो आणि तरीही सगळ्यांचा लाडका राहतो. कारण बटण दाबायची वेळ त्याच्यावर आलेलीच नसते. ८५ माणसांचा हिशोब टायच्या नावावर लागतो.

माझे आबा, म्हणजे आईचे वडील, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याकडे आजोळी गेले होते तेव्हा मी हा प्रसंग त्यांना लॅपटॉपवर दाखवला. इंग्रजी त्यांना फार समजत नाही, म्हणून अधूनमधून मी सांगत होते. सगळं बघून झाल्यावर मी मोठ्या उत्साहाने विचारलं, “आबा, तुम्हाला काय वाटतं, त्याने बरोबर केलं का?”

“आग लागल्यावर दार लावायचं नाही तर काय आरती करायची व्हय?” आबा म्हणाले.

मला वाटलं, झालं, संपला विषय. पण जरा वेळाने पानाला चुना लावता लावता त्यांनीच विचारलं, “पोरी, त्यो म्हातारा रातच्याला झोपला का नंतर?”

म्हटलं, “नाही आबा. तो दारू पितो.”

“मग बराबर हाय,” म्हणाले आणि पान तोंडात टाकलं. त्या ‘बराबर हाय’मध्ये दारूचं समर्थन नव्हतं. एवढं मोठं बटण दाबणाऱ्या माणसाला रात्री गाढ झोप लागत असेल तर तो माणूस त्यांना पटला नसता, एवढाच त्याचा अर्थ. मी इंटरनेटवर या मालिकेबद्दल पुष्कळ वाचलंय, पण टायबद्दल एवढं नेमकं कुठे वाचलं नाही.

आता माझा पहिला मुद्दा. आपल्याकडे खडूस माणूस आवडला की लगेच त्याला फणस म्हणायची पद्धत आहे. वरून काटे, आत गोड गरे. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं मराठी वाचन तसं उशिरा, अकरावीपासून सुरू झालं. पण पु. ल. देशपांड्यांचं ‘गणगोत’ वाचलं आणि त्यातल्या बेळगावच्या रावसाहेबांच्या मी प्रेमातच पडले. तोंडात शिव्या आणि मनात माया. मराठी पुस्तकांत, नाटकांत आणि सिनेमांत असे फणस भरपूर. कडक मास्तर, तापट काका, खवट म्हाताऱ्या. शेवटच्या अंकात त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि आपल्याही.

टाय फणस नाही. त्याला चिरून बघितलं तर आतही काटेच निघतात. तो कोणाला मिठी मारत नाही, शेवटच्या अंकात विरघळत नाही, गुपचूप कोणाची फी भरत नाही. आणि तरीही तो आवडतो हेच तर मला महत्त्वाचं वाटतं. गोड गरे सापडले म्हणून माणूस आवडणं सोपं आहे. टाय आवडतो तो कामामुळे. जे काम करायलाच हवं पण करणाऱ्याला शिव्या मिळणार हे नक्की, ते काम तो पुढे होऊन करतो. शिस्त लावायची टायने, रजा नाकारायची टायने, ओरडायचं टायने. मग अडामाने येऊन खांद्यावर हात ठेवायचा. अडामाला सगळ्यांचा बाप होता येतं, कारण खडूसपणाचं सगळं खातं टायने स्वतःकडे घेतलेलं असतं.

हे आपल्या भागाला सांगायला नको. मिरज जंक्शनवर कधीही जा, काळी ट्रंक घेऊन उभे असलेले जवान दिसतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं ट्रेनिंग सेंटर बेळगावला आणि आपल्याकडून बेळगावची वाट म्हणजे रेल्वेचीच. शिरोळ तालुक्यात एका गावाचं नावच सैनिक टाकळी आहे. साताऱ्याजवळ मिलिटरी अपशिंगे आहे. त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. फौजेत अधिकारी आणि जवान यांच्या मधला जो माणूस असतो, हवालदार मेजर किंवा सुभेदार, तो आपल्या घराघरांत आहे. रिक्रूट ज्याला ‘उस्ताद’ म्हणतात आणि मनातल्या मनात ज्याच्या नावाने बोटं मोडतात तोच. साहेब चांगला आणि उस्ताद वाईट, असं प्रत्येक रिक्रूटला वाटतं. उस्तादही ते वाटू देतो. तो त्याच्या नोकरीचाच भाग असतो.

आपण या माणसांशी कसं वागतो? पंधरा ऑगस्टला मोबाइलवर सॅल्यूटचं स्टेटस टाकतो. आणि तीच माणसं निवृत्त होऊन कुठल्यातरी बँकेच्या किंवा अपार्टमेंटच्या गेटवर उभी राहिली, ‘गाडी इथे लावू नका’ म्हणाली, की आपल्याला ती खडूस वाटतात. पोस्टरवरचा सैनिक आपल्याला चालतो, कारण तो बोलत नाही. टायसारखा सैनिक बोलतो, आणि जे बोलतो ते ऐकायला गोड नसतं.

दुसरा मुद्दा खास आपल्या जमातीसाठी. आपल्याकडची विज्ञानकथा म्हटलं की आधी डॉ. जयंत नारळीकर आठवतात. जन्म १९३८ मध्ये आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांच्या कथांत संकटाचं कोडं बहुधा शास्त्रज्ञ सोडवतो, आणि वाचताना आपणही मनातल्या मनात तोच शास्त्रज्ञ होतो. मीही झाले आहे. पण खरं सांगा, आपल्यापैकी किती जण शास्त्रज्ञ होणार? बरेचसे जाणार ते एमआयडीसीत, साखर कारखान्यात, सबस्टेशनवर, एखाद्या प्लँटमध्ये शिफ्ट इंजिनिअर म्हणून. तिथे रात्री तीन वाजता प्रेशर वाढलं, अलार्म वाजला, की लाइन बंद करायची की नाही हे ठरवायला नारळीकरांचा शास्त्रज्ञ येणार नाही. बंद केली तर सकाळी मॅनेजर विचारणार, एवढं नुकसान का केलं? आणि काहीच घडलेलं नसेल तर उत्तर देणं आणखी अवघड, कारण टळलेला अपघात दाखवता येत नाही. त्या रात्री आपण सगळे टाय असणार. आपल्याला गणित शिकवलं जातं, थर्मोडायनामिक्स शिकवलं जातं. लोकांना न आवडणारा निर्णय वेळेत घेऊन दुसऱ्या दिवशी त्यांच्याच पंगतीत कसं बसायचं, हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, ही बाई आता म्हणणार की सगळा देशच टायसारख्यांच्या हाती द्या. थांबा. माझा तिसरा आणि मुख्य मुद्दा नेमका उलटा आहे.

आमच्या कॅन्टीनमध्ये दर आठवड्याला कोणीतरी हे वाक्य म्हणतंच, “पाच वर्षं मिलिटरीच्या ताब्यात द्या देश, सुतासारखा सरळ होईल!” सगळे माना डोलावतात आणि मग चहा येतो. या मालिकेने हा प्रयोग करून दाखवलाय. पहिल्या सीझनच्या शेवटी अडामाला गोळ्या लागतात. तो बेशुद्ध. जहाजाची, म्हणजे उरलेल्या सगळ्या मानवजातीची सूत्रं टायकडे येतात. आणि राष्ट्राध्यक्ष लॉरा रोझलिन तेव्हा कोठडीत असते. ही रोझलिन मूळची शाळामास्तरीण, मग शिक्षणमंत्री. हल्ल्यात वरचे सगळे गेल्यामुळे वारसाच्या यादीत ४३ व्या क्रमांकावरून थेट राष्ट्राध्यक्ष झालेली. अडामा आणि ती एकमेकांशी भांडतात, पण त्या भांडणामुळेच गाडा चालतो. सैन्याने पोलिसांचं काम करू नये, केलं तर हळूहळू आपलीच जनता शत्रू वाटायला लागते, हे अडामाला पक्कं माहीत असतं.

टायला विचारणारं मात्र आता कोणीच उरत नाही. वरचा साहेब बेशुद्ध, राष्ट्राध्यक्ष गजाआड. लोकप्रतिनिधी कटकट करतात म्हणून तो मार्शल लॉ पुकारतो. एका जहाजावरचे लोक रसद द्यायला नकार देतात, म्हणून तिथे सैनिक पाठवतो. घाबरलेले, या कामाचं शिक्षण नसलेले सैनिक. आरडाओरडा होतो, वस्तू फेकल्या जातात, गोळी सुटते. चार साधी माणसं मरतात. आणि ताफ्यातली एक तृतीयांश जहाजं वेगळी होतात. पन्नास हजारांतले एक तृतीयांश! पाच वर्षं लागली नाहीत, मोजून चार भाग लागले.

लक्षात घ्या, टाय तोच आहे. आगीच्या वेळी ज्या गुणांनी जहाज वाचवलं तेच गुण इथेही आहेत. पटकन निर्णय, आवाज चढलेला, कोणाची पर्वा नाही. फरक एवढाच की तेव्हा त्याच्या वर कोणीतरी होतं. आणि मला तो इथेही आवडतो, कारण त्याला स्वतःलाही ही खुर्ची नकोच असते. तो बेशुद्ध मित्राच्या उशाशी बसून तेच सांगतो. कॅन्टीनमधल्या आपल्या मित्रांपेक्षा त्याला स्वतःची मर्यादा जास्त कळते.

हे सगळं परग्रहावरचं वाटत असेल तर सोलापूर आठवा. मे १९३० मध्ये, गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात उद्रेक झाला, गोळीबार झाला आणि इंग्रजांनी शहरात मार्शल लॉ लावला. राष्ट्रीय झेंडा लावणं हासुद्धा गुन्हा ठरला. त्या दिवसांतल्या घटनांवरून मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिलं. मार्शल लॉ हा शब्द कॅन्टीनमध्ये चहाबरोबर घ्यायला सोपा आहे. सोलापूरकरांनी तो अंगावर घेतलाय. शेजारच्या पाकिस्तानात जनरल झिया १९७७ मध्ये नव्वद दिवसांत निवडणुका घेतो म्हणून आले आणि अकरा वर्षं राहिले. सुतासारखं सरळ काही झालं नाही.

तिसऱ्या सीझनमध्ये (२००६) हीच गोष्ट आणखी टोकाला जाते. माणसं एका ग्रहावर वस्ती करतात आणि सायलॉन येऊन ती वस्ती ताब्यात घेतात. टायला तुरुंगात टाकतात, त्याचा एक डोळा काढतात. बाहेर आल्यावर हाच एकाक्ष म्हातारा भूमिगत लढ्याचं नेतृत्व करतो. आत्मघाती बॉम्बस्फोटांचे हुकूम देतो. लक्षात ठेवा, तेव्हा अमेरिकेचं सैन्य इराकमध्ये होतं आणि एका अमेरिकन मालिकेत प्रेक्षकांच्या ओळखीचा माणूस असे हुकूम देत होता! मार्च २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या मुख्यालयात या मालिकेवर चर्चा ठेवली होती. असल्या प्रश्नांमुळेच ठेवली असणार, यंत्रमानवांसाठी नाही. टाय इथेच थांबत नाही. नवऱ्याला वाचवण्यासाठी शत्रूला माहिती देणाऱ्या स्वतःच्या बायकोला तो स्वतःच्या हाताने विष देतो. आणि सुटका झाल्यावर सहा जणांची एक गुप्त टोळी फितुरांना पकडून परस्पर मृत्युदंड द्यायला लागते, त्यातही टाय असतो. त्यांच्या हातून असा एक माणूस मरता मरता वाचतो, जो आतून त्यांनाच माहिती पुरवत होता. शेवटी रोझलिन सगळ्यांना माफी जाहीर करते तेव्हा कुठे हे थांबतं.

आपल्या मातीत याच्याशी ताडून बघायला मोठी गोष्ट आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रति सरकार, १९४३ ते १९४६. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजचा सांगलीचा भागही येत होता. येडे मच्छिंद्रचे नाना पाटील, कुंडलची तुफान सेना आणि तिचे कॅप्टन भाऊ लाड. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ त्यांनी सरकारी पगाराची रक्कम घेऊन जाणारी रेल्वे अडवली. मिरज-पुणे गाडीने जाताना शेणोली स्टेशन लागतं, आपण तिथे झोपलेलो असतो. ही माणसंही कडक होती. खबऱ्यांच्या, गुंडांच्या तळपायांवर फटके बसत, त्यावरून ‘पत्री सरकार’ हे नाव पडलं. पण त्यांनी त्याबरोबर गावोगाव न्यायदानही उभं केलं. तंटे चारचौघांत ऐकले जात, सावकारीला आळा घातला जाई, कमी खर्चाची गांधी लग्नं लावली जात. म्हणजे मारणारा हात होता, तसा विचारणारा गावही होता. टायच्या टोळीकडे गाव नव्हतं. बंद खोली होती आणि सहा रागावलेली माणसं होती. मला दोन्हींमधला फरक एवढाच वाटतो, आणि तो फार मोठा आहे.

मैत्रिणी विचारतात, एवढं सगळं केलेला माणूस तुला आवडतो तरी कसा? माझं म्हणणं असं, की आवडणं म्हणजे माफ करणं नव्हे. मालिकाही त्याला माफ करत नाही. ८५ माणसं, चार माणसं, बायको, प्रत्येक हिशोब त्याच्या चेहऱ्यावर शेवटच्या भागापर्यंत दिसत राहतो. पण तो कधीही म्हणत नाही की हुकूम वरून आला होता. कधीही म्हणत नाही की मला माहीत नव्हतं. आपल्या आजूबाजूला एखादा पूल पडला, कुठे आग लागली, की दुसऱ्या दिवसापासून फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरायला लागते आणि शेवटी निर्णय कोणीच घेतलेला नसतो! अशा ठिकाणी ‘हो, मी सांगितलं दार लावायला’ म्हणणारा एक खडूस म्हातारा मला हजार गोड माणसांपेक्षा जवळचा वाटतो. (त्याच्याबद्दलचं एक मोठं रहस्य तिसऱ्या सीझनच्या शेवटी उलगडतं. ते मी सांगणार नाही. तेव्हाही तो काय करतो ते बघाच. ड्युटीवर जातो!)

तर क्लबाचा जाहीरनामा इतकाच. खडूस माणसाला त्याची जागा द्या, त्याचं ऐका, त्याने नाकारलेल्या रजेबद्दल जन्मभर राग धरू नका. आग लागली तर दार त्यालाच लावू द्या. पण सगळ्या किल्ल्या त्याच्या एकट्याच्या हातात कधीही देऊ नका. रोझलिनला कोठडीबाहेर ठेवा. त्याला ‘का?’ म्हणून विचारणारी एखादी शाळामास्तरीण, एखादी ग्रामसभा, एखादं वर्तमानपत्र शिल्लक असू द्या. तो चिडेल, टेबल उलथेल, चालेल. टेबल पुन्हा सरळ करता येतं.

क्लबाचं सभासदत्व खुलं आहे. वर्गणी माफ. हार्ड डिस्क माझ्याकडे आहे.